काडुपापा : रानातले बाळ

आपल्या सीमाभागातील कानडी शेजाऱ्यांनी एका लहानशा निशाचर प्राण्याला फार गोड नाव दिले आहे : ‘काडुपापा’. काडु म्हणजे रान आणि पापा म्हणजे तान्हे मूल. मराठी कानाला त्यात ‘पाप’ ऐकू येते खरे. पण नाव ठेवणाऱ्याच्या मनात केवळ वात्सल्य असावे. शास्त्रीय ग्रंथांत त्याला लोरिस म्हणतात. दक्षिण भारत व श्रीलंका हे त्याचे घर.

माणूस, वानर व माकडे ज्या नरवानर गणात मोडतात, त्याच गणातील हा आपला दूरचा आप्त. देह जेमतेम वीतभर, वजन सुमारे पाव किलो, शेपूट दिसत नाही, हातपाय काडीसारखे बारीक व लांब. नाक मात्र कुत्र्याच्या नाकासारखे ओलसर. हाताचे दुसरे बोट आखूड आणि अंगठा इतर बोटांपासून दूर फाकलेला. त्यामुळे फांदीवरची त्याची पकड सांडशीसारखी घट्ट बसते. त्याच्या हातापायांतील रक्तवाहिन्या अनेक बारीक समांतर फाट्यांत विभागलेल्या असतात. या रचनेमुळेच तो न थकता तासन् तास फांदी धरून राहू शकतो, असे शास्त्रज्ञ मानतात. पायाच्या दुसऱ्या बोटावर अंग विंचरण्यासाठी खास नखी असते आणि खालचे पुढचे दात फणीसारखे ओळीने पुढे आलेले असतात.

दिवसभर हा प्राणी दाट जाळीत, अंगाचा गोळा करून झोपतो. अंधार पडला की निघतो. मुंग्या, वाळवी, भुंगेरे हे त्याचे मुख्य अन्न; कधी बाभळीचा डिंक, कधी एखादी पालही. सन १७५८ मध्ये लिनियसने श्रीलंकेतील लोरिसला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘मंदगती’ असा होतो. परंतु गरज पडल्यास हा प्राणी फांद्यांवरून चांगलाच चपळ पळतो. मादीचा गर्भकाल सुमारे साडेपाच महिन्यांचा असून तिला एक किंवा दोन पिले होतात. काही आठवडे पिलू आईच्या पोटाला बिलगून असते. पुढे ती त्याला फांदीवर ठेवून चरायला जाते आणि तेही मुकाट्याने तिची वाट पाहते.

त्याच्या चेहऱ्यावर आधी नजरेत भरतात ते डोळे. ते मोठे, वाटोळे आणि आपल्यासारखेच समोर रोखलेले असल्याने किड्याचे अंतर त्याला अचूक कळते. डोळ्यांच्या पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. आत आलेला प्रकाश त्यावरून परततो आणि अपुऱ्या उजेडाचा दुप्पट उपयोग होतो. म्हणूनच विजेरीच्या झोतात ते निखाऱ्यासारखे चमकतात.

दुर्दैव असे की, ज्या डोळ्यांवर तो जगतो तेच त्याच्या जिवावर उठले आहेत. ते डोळे वशीकरणाला लागतात, त्यांपासून औषध होते, तो दिसणे अशुभ असते, त्याच्या एखाद्या अवयवाला इजा केली की वैऱ्याच्या त्याच अवयवाला पीडा होते. अशा समजुतींपायी या निरुपद्रवी जिवाचे आजवर अनन्वित हाल झाले आहेत. वाचकहो, गोठ्यातील गाईचे डोळेही कंदिलाच्या उजेडात चमकतात. तिला कोणी भुताटकी म्हणत नाही! डोळ्यामागचा थर दोहोंकडेही एकाच कामाचा. मग एकीला माता म्हणावे आणि दुसऱ्याचे डोळे काढावे, हा कुठला न्याय?

दुसरे संकट मूक आहे. लोरिसला माकडासारखी झेप घेता येत नाही. एका झाडाची फांदी दुसऱ्याला टेकली, तरच त्याची वाट पुढे जाते. मलबारकडील लोरिस सह्याद्रीच्या ओल्या जंगलात राहतात; म्हैसूरकडील मात्र कोरड्या काटेरी रानात, बाभळीच्या व बांबूच्या बेटांत, शेताच्या कुंपणांतही नांदतात. बांधावरची जाळी तोडली की त्याचा रस्ताच तुटतो. मग त्याला जमिनीवर उतरावे लागते, आणि तेथे कुत्री व मोटारी असतात.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात या प्राण्याला स्थान आहे. त्याला धरणे वा पाळणे गुन्हा ठरतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये तामिळनाडू सरकारने करूर व दिंडुक्कल जिल्ह्यांतील कडवूर येथे, ११,८०६ हेक्टर क्षेत्रावर, देशातील पहिले लोरिस अभयारण्य घोषित केले. ही गोष्ट निःसंशय स्तुत्य आहे. परंतु अभयारण्याच्या सीमेबाहेरचा लोरिस कायद्यापेक्षा शेतकऱ्याच्या कुंपणावर आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यावर अधिक अवलंबून असतो. मुलाने भीतभीत विचारले, तर त्याला त्या डोळ्यांची चमक कशाने होते ते सांगावे. जखमी लोरिस आढळल्यास वनखात्याला कळवावे, आणि बांधावरची एखादी जाळी तशीच राहू द्यावी. रानातल्या बाळाला त्याहून अधिक काही नको आहे.