सावकाशीतून वेग येत नाही

प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजी शिकायला आलेल्या नवख्याला पहिल्याच दिवशी एक उपदेश मिळतो : सावकाश कर, सफाई येईल, सफाई आली की वेग आपोआप येईल. या ‘आपोआप’वर माझा आक्षेप आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. तो म्हणतो, नेम चुकला तर वेगाला किंमत नाही. घाईत चाप दाबला जात नाही, हिसकला जातो आणि उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी खाली डावीकडे जाते. ही खोड एकदा जडली की वर्षानुवर्षे सुटत नाही. म्हणून योग्य हालचाल संथपणे घोटावी. अंगवळणी पडली की ती जलद होतेच. या पक्षाला इतिहासाचा दाखलाही आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर लेक येथे जेफ कूपर यांच्या पुढाकाराने ज्या स्पर्धा होत, त्यांत बहुतेक जण हत्यार उपसून कमरेपासूनच गोळी झाडत. जॅक वीव्हर या डेप्युटी शेरीफने ते दोन्ही हातांनी धरून डोळ्यांसमोर आणले, साइटमधून नेम धरला आणि तो जिंकू लागला. अचूकतेने झटपटीला हरवले!

दाखला खरा, निष्कर्ष चुकीचा. वीव्हर सावकाश होता म्हणून जिंकला नाही. घड्याळाच्या धाकातही साइट वापरता येईल अशी पकड त्याने शोधली, म्हणून जिंकला. पुढे १९८०च्या दशकात रॉब लेथम आणि ब्रायन एनॉस यांनी वीव्हरचा पवित्राही मागे टाकला आणि दोन्ही हात समोर सारखे ताणून धरण्याची पद्धत रूढ केली. कारण धक्क्यानंतर पिस्तूल लवकर जागेवर येणे त्यांना हवे होते. दोन्ही वेळा तंत्र सुधारले ते वेगाच्या मागणीमुळे.

दुसरा मुद्दा हिशेबाचा. आपल्याला परिचित असलेल्या ऑलिंपिक नेमबाजीतही वेळेचे बंधन असते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्याच्या जलद टप्प्यात प्रत्येक गोळीला जेमतेम ३ सेकंद मिळतात. पण तिथे दोन सेकंदांत गोळी झाडली म्हणून जादा गुण नाहीत. १९७६मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया, मिसुरी येथे स्थापन झालेल्या आयपीएससी या प्रॅक्टिकल नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत मात्र गुणांना सेकंदांनी भागतात. तिच्या लॅटिन ब्रीदवाक्यात अचूकता, शक्ती आणि वेग हे तिन्ही शब्द एका ओळीत आहेत.

सहा लक्ष्ये, प्रत्येकी दोन गोळ्या, असा टप्पा घ्या. कमी शक्तीच्या काडतुसांसाठी लक्ष्याच्या मधल्या ए विभागाला ५, सीला ३, डीला १ गुण; चुकलेल्या गोळीला उणे १०. पहिल्याने बाराही गोळ्या ए विभागात मारल्या, १० सेकंद घेतले : ६० भागिले १०, म्हणजे ६. दुसऱ्याच्या नऊ ए, तीन सी, वेळ साडेसात सेकंद : ५४ भागिले साडेसात, म्हणजे ७.२. सर्व गोळ्या मध्यावर मारणारा हरला. आता तिसरा पाहा. तो ६ सेकंदांत मोकळा झाला, पण सात ए, तीन सी, एक डी आणि एक गोळी हुकलेली : ३५ भागिले ६, म्हणजे ५.८३. नुसता झपाटाच खरा मानणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. सेकंदाला सहा गुण या गतीने एच्या जागी एक सी पडला तर नुकसान सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. एक गोळी हुकली तर अडीच सेकंदांचे.

खरे खंडन याहून खोल आहे. जलद नेमबाजी म्हणजे संथ नेमबाजीची भरभर चालवलेली चित्रफीत नव्हे. संथ सरावात शिकवतात की, चाप इतका हळुवार दाबा की गोळी सुटल्याचे तुम्हालाच नवल वाटावे. दोन गोळ्यांत पाव सेकंदही नसताना नवलाला जागा कुठली? तिथे पकड इतकी पक्की हवी की चाप झटक्यात दाबूनही साइट हलू नये. संथ सरावात साइट स्थिरावण्याची वाट पाहता येते. वेगात मात्र किती अंतरावर किती अस्थिर साइट चालते, हे ठरवावे लागते. पाच मीटरवर लक्ष्याकडेच पाहून पुरते, पंचवीस मीटरवर पुरत नाही. हा निर्णय सावकाशीत कधी घ्यावाच लागत नाही, मग तो शिकणार कसा?

आता मंडन. वाचवायचा वेळ चापावरच्या बोटात शोधू नये. वरच्या टप्प्यात दोन गोळ्यांमधले अंतर ०.२५ वरून ०.२० सेकंदावर आणले, तरी एकूण ०.३ सेकंदच वाचतात. एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जाण्याचे पाच प्रसंग. दर वेळी दशांश सेकंद वाचला तर अर्धा सेकंद झाला. जागा बदलताना त्याहून अधिक मिळते : पाय स्थिरावण्याआधीच पिस्तूल डोळ्यांसमोर हवे. नजर आधी पुढच्या लक्ष्यावर जावी, पिस्तुलाने तिच्यामागून यावे.

यातले बरेच ड्राय प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे गोळीविना सरावात, घरी घोटता येते. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत आणि सुरक्षित दिशा ठरवावी. मग घोटावे : होल्स्टरमधून उपसणे, मॅगझीन बदलणे, लक्ष्य बदलणे. धक्का सांभाळणे मात्र रेंजवरच शिकावे लागते.

सरावाचे दोन भाग करावेत. एकात टायमरची मर्यादा आपल्या आवाक्यापेक्षा थोडी कमी लावावी, हालचाल कुठे विस्कटते ते पाहावे आणि तेवढाच दुवा दुरुस्त करावा. दुसऱ्यात स्पर्धेच्या बेताने खेळावे. तिथे हुकलेली गोळी माफ नाही. नवी हालचाल पहिल्यांदा सावकाश करावी, हे पूर्वपक्षाचे म्हणणे मला मान्य आहे. सुरक्षेत तर दोन मतेच नाहीत : धावताना बोट चापावर राहिले किंवा नळी सुरक्षित कोनाबाहेर गेली, तर पूर्ण स्पर्धेतून बाद, आणि ते योग्यच. पण सावकाशी ही पहिली पायरी आहे; तिच्यावर कितीही वेळ उभे राहिले तरी माणूस वर जात नाही. टायमर बंद ठेवून ज्याने हजार गोळ्या झाडल्या, त्याने हजार गोळ्या झाडल्या एवढेच म्हणता येईल. तो जलद झाला की नाही, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही.