वांग्याला नाव, केळीला नुसते वजन

२०१६-१७ या एकाच वर्षात जळगावच्या दोन पिकांना भौगोलिक मानांकन मिळाले : केळीला आणि भरताच्या वांग्याला. कागदावर दोघांचा मान सारखा, बाजारात मात्र तऱ्हा वेगळी. वांगे घेणारा ‘बामणोदचे आहे का, असोद्याचे आहे का’ असे विचारून घेतो. केळीच्या बागेत शिरलेला व्यापारी मात्र रास किती किलोची पडेल एवढेच बघतो.

या फरकावरच वाणाचे नशीब ठरते. भरताचे वांगे हिरवट-पांढरे, थोराड, पातळ सालीचे आणि कमी बियांचे. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर ते भाजायचे, साल काढून बडगीत ठेचायचे, वरून मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. असल्या भरतात दुसरे वांगे खपत नाही. बिया दाताखाली आल्या की पंगतीतला पोरगाही सांगतो, वांगे भरताचे नाही. संकरित बियाण्यांची पाकिटे दुकानोदुकानी मिळत असताना हे वांगे टिकले, कारण ते मागणारे, ओळखणारे आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजणारे गिऱ्हाईक टिकले. त्याच्याच भरवशावर शेतकरी चांगले फळ झाडावर पिवळे पडेपर्यंत राखतो आणि पुढच्या सालाचे बी धरतो.

केळीचे तसे झाले नाही. आधी बसराई हा वाण होता, मग श्रीमंती नावाचा वाण आला, नव्वदच्या दशकात ऊतिसंवर्धित रोपांचा ग्रँड नैन आला आणि त्याने शिवारच्या शिवार व्यापले. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. घड एकसारखे, माल लवकर हाती, उत्पन्न भरघोस. २०२१ मध्ये तांदलवाडीची केळी दुबईला गेली, त्यामागेही हा एकसारखेपणा आहेच. पण बागेतले प्रत्येक झाड दुसऱ्याची हुबेहूब नक्कल असले की एका झाडाचे दुखणे साऱ्या बागेचे होते. सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला तेव्हा रावेर-यावलच्या शेतकऱ्यांना कोवळी रोपे उपटून फेकावी लागली. ग्रो मिशेल या एकाच वाणावर उभा असलेला जगाचा केळीव्यापार पनामा मर रोगाने १९६० च्या आसपास कसा मोडला, हा इतिहास जुना नाही. त्या रोगाची नवी जात बिहार-उत्तर प्रदेशापर्यंत येऊन ठेपली आहे, आणि ती ग्रँड नैनला सोडत नाही.

जपानचा हिरवा चहाही याच वाटेने गेला. शिझुओकातल्या सुगियामा हिकोसाबुरो यांनी १९०८ मध्ये निवडलेला याबुकिता हा वाण इतका सरस निघाला की पुढे देशातल्या चहाच्या क्षेत्राचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग त्याने घेतला. मग सगळे मळे एकाच वेळी खुडणीला येऊ लागले, कारखान्यांवर एकदम ताण पडू लागला आणि उशिरा पडलेले दव गोठले की सगळ्यांचा कोंब एकाच रात्री करपू लागला. तिथल्या डोंगरउतारावरच्या छोट्या मळेवाल्यांपैकी काहींनी कोशुन, सोफू, इन्झात्सु १३१ असे विरळा वाण राखले आहेत. यातला इन्झात्सु तर आपल्या मणिपुरी चहाच्या वंशातला. पिशवीवर मळ्याबरोबर वाणाचेही नाव असते, सुगंधाची पारख असलेले गिऱ्हाईक ते नाव वाचून पैसे मोजते. सपाटीवरच्या मोठ्या मळ्यांशी उत्पन्नात बरोबरी करणे या मंडळींना कधीच जमणार नव्हते. वेगळेपण विकले म्हणून ती उभी राहिली.

ग्रँड नैन उपटा, असे कोणी म्हणत नाही. घर त्याच्यावरच चालते. पण बांधाकडेचे चार वाफे वेगळ्या वाणाला देणाऱ्या शेतकऱ्याच्या मालाला वेगळा भाव नसेल, तर तो हौस किती दिवस करणार? भौगोलिक मानांकन गावाचे नाव राखते, वाणाचे नाही. ते राखायची सोय २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यात आहे. शेतकऱ्याला आपला पारंपरिक वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो. जळगावात केळी संशोधन केंद्र आहे. राजेळी, सफेद वेलची, लाल वेलची या केळीच्या वाणांची रोपे मागेल त्याला मिळतील, हे त्याने पाहावे. बाजार समितीने आवकेच्या पाटीवर वाणाचा रकाना घालावा. त्याला दमडीचा खर्च नाही. आणि उरलेले काम गिऱ्हाइकाचे. वांगे घेताना जो चोखंदळपणा आपण दाखवतो, तो केळीच्या गाडीपुढे उभे राहिल्यावर कुठे जातो? डझनाचा भाव विचारण्याआधी वाण विचारा. विचारणारे वाढले की पिकवणारे आपोआप वाढतील. अनुदानाने ते होणार नाही.