जोहाराची कंबर

आमच्यातलेच काही कार्यकर्ते मला हसतात. म्हणतात, बाबासाहेबांनी लेखणी दिली अन् तू लाथा मारायला शिकतेस? त्याही कोरियाच्या? सर्कशीत भरती हो.

हसा. हसून झालं की पाच मिनिटं ऐका.

मी नाशिकरोडची. बापानं हमाली करून शिकवलं. दहावीपासून तायक्वांदो शिकतेय, आता वस्तीतल्या पोरापोरींना शिकवते. सुरुवात काही थोर ध्येयानं झाली नाही. शिकवणीवरून येताना मोटरसायकलवाले दोघं वाट अडवायला लागले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आडनाव विचारलं. आडनाव कळलं अन् त्यांची भीड चेपली. हे नीट वाचा. आडनाव कळल्यावर भीड चेपली. चौकीत गेले तर साहेब म्हणाले, रस्ता बदल. आई म्हणाली, रस्ता बदल. आजी म्हणाली, रस्ता बदल. सरकार आणि घर, दोघांकडे एकच औषध!

रस्ता बदलणं आपल्या अंगात मुरलंय, दोस्तांनो. जात काय नुसती डोक्यात असते? ती मणक्यात असते. माझा पणजा येसकर. वेशीत पाटील दिसला की कमरेत वाकून 'जोहार मायबाप'. उलट त्याला कुणी कधी जोहार घातला नाही. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं, पण कंबरेला ते कुणी कळवलंच नाही. पदवी घेतलेला आपला पोरगा मुलाखतीला जातो आणि खुर्चीच्या कडेवर बसतो. उत्तर येत असतं, आवाज घशात अडकतो. हे मी भावांचं बघितलंय, स्वतःचं बघितलंय.

पहिल्या दिवशी क्लासात सरांनी ओळीत उभं केलं आणि हुकूम दिला. चारियोत! क्युंगने! सावधान, आणि वाकून नमस्कार. सगळे वाकले. मी खांबासारखी उभी. सरांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, सर, आमच्यात फार वाकून झालंय. सर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. समोर येऊन उभे राहिले आणि माझ्यापुढं पुरते वाकले. आधी ते. मग म्हणाले, इथं एकटा कुणी वाकत नाही.

पणज्याच्या जोहाराला मिळालं नाही ते उत्तर मला त्या दिवशी मिळालं. मग मी वाकले.

कुणी विचारील, आपली तालीम काय वाईट होती? आपली? आज्याच्या गावात तालमीत मारुती होता, आणि मारुती होता म्हणून आम्हाला तालीम नव्हती. मातीसुद्धा बाटायची साली! बाहेर उभं राहून शड्डू ऐकायचे. तेव्हा देशी-परदेशीचा हिशेब आम्हाला शिकवू नका.

आणि कोरिया म्हंजे काय स्वर्ग नव्हे. तिथंही खाटकाचं काम करणारे पेकचोंग गावाबाहेर राहायचे. १८९४ साली कायद्यानं भेद रद्द झाला, तरी त्यांच्या पोरांना शाळेत जागा मिळेना. मग १९२३ साली जिंजू शहरात त्यांनी स्वतःची संघटना उभारली, ह्योंगप्योंगसा. नावात त्यांच्याच धंद्यातला तराजू, समतोल तोलणारा. महाडच्या तळ्यावर आपण गेलो ते १९२७ साली. चार वर्षांच्या आत दोन मुलखांत माणूस उठला, एकमेकांची खबरसुद्धा नसताना.

१९१० ते १९४५ कोरिया जपानचा गुलाम होता. चोई होंग ही हा तरुण जपानमध्ये शिकायला गेला आणि मालकाचीच कराटे शिकून आला. पुढं कोरियन लोकांनी तिच्यात आपल्या लाथा, आपली शिस्त घातली, १९५५ साली तिला तायक्वांदो हे नाव दिलं. ते म्हंजे पाय, क्वोन म्हंजे मूठ, दो म्हंजे मार्ग. २००० साली सिडनीला हा खेळ ऑलिम्पिकच्या पदकांत गेला. मालकाची विद्या घेऊन स्वतःची करणं आपल्याला काही नवीन नाही. बाबासाहेबांनी बॅरिस्टरी कुणाच्या मुलखात केली?

आमच्या पद्धतीत हिरव्या पट्ट्याला अठ्ठावीस हालचालींचा एक पॅटर्न शिकवतात. नाव वोन-ह्यो. हा सातव्या शतकातला बौद्ध भिक्खू. त्याची गोष्ट सांगतात ती अशी. रात्री अंधारात तहान लागली, हाताला भांडं लागलं, तो पाणी प्याला. गोड लागलं. सकाळी बघतो तर ती माणसाची कवटी. पोटात ढवळलं, आणि त्याला उमगलं की पाणी तेच आहे, विटाळ आपल्या मनात आहे. चवदार तळ्यावर गोमूत्र ओतणाऱ्यांना ही गोष्ट कुणीतरी सांगायला पाहिजे होती.

आता दुसरी बाजू. लाथेला विचार नसतो. हीच कला शिकलेले दक्षिण कोरियाचे सैनिक अमेरिकेच्या बाजूनं व्हिएतनाममध्ये उतरले होते. आणि लांब कशाला, आपल्याच नाशकात बघा. डॉ. मुंजे १९३१ साली इटलीत मुसोलिनीला भेटले, तिथल्या पोरांच्या कवायती बघून आले. १९३७ साली त्यांनी इथं भोसला लष्करी शाळा काढली. शरीर घडवणं हे राजकारण असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बाबासाहेबांनाही ठाऊक होतं, म्हणून तर समता सैनिक दल. विसरलो ते आपण. आपल्याकडं शरीर दोनच कामाला उरलं, जयंतीच्या डीजेपुढं नाचायला आणि पुढाऱ्याच्या गाडीमागं पळायला.

पुढाऱ्यांनो, तुमच्यासाठी बाउन्सर तयार करायला मी पोरं शिकवत नाही. आणि सोसायट्यांमधून 'व्यक्तिमत्त्व विकास' विकणाऱ्या दुकानदारांनो, तुमचं पण ऐकून घ्या. तुमच्या पोस्टरवरची पोरगी अंधाऱ्या गल्लीत एका गुंडाला लोळवते. आमच्या वाटेवर एक गुंड नसतो, अख्खं गाव असतं. २००६ साली खैरलांजीत गाव होतं. २०१४ साली खर्ड्यात सतरा वर्षांच्या पोराला शाळेतून मारत नेलं आणि झाडाला लटकवलं. २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. तिथं माझा काळा पट्टा काय करणार होता? काही नाही. खोटं कशाला बोलू? जमावापुढं संघटना लागते, ॲट्रॉसिटीचा कायदा लागतो, साक्षीला उभा राहणारा माणूस लागतो.

पण साक्षीला उभं राहायलाच तर कंबर लागते! भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ कलमं स्वसंरक्षणाचा हक्क देतात. हक्क कागदावर आहे. तो वापरणारं अंग कुणी तयार करायचं?

२ मार्च १९३० ला याच शहरात काळारामाच्या दारात आपली माणसं बसली. रामनवमीला रथावरून दगड आले. तरी सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला. दादासाहेब गायकवाडांच्या मागं उभं राहिलेल्या त्या बायामाणसांना कुणी पट्टे दिले नव्हते. दगड खाऊन जागा न सोडणं ही त्यांची कला. मी पोरींना पहिला महिना लाथ शिकवतच नाही. पाय रोवून उभं राहायला शिकवते, नजर समोर आणि पोटातून आवाज. निम्म्या पोरींचा आवाज पहिल्या आठवड्यात फुटत नाही. ज्या दिवशी फुटतो त्या दिवशी त्या स्वतःच दचकतात.

ते मोटरसायकलवाले? मी रस्ता बदलला नाही. एक दिवस थांबले, पाय रोवले आणि पोटातून ओरडले, "काय पाहिजे?" लाथ मारावी लागली नाही. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले, तसे ते गेले. उद्या दुसरे येतील. येऊ देत.

पोरांनो, तुम्हीपण या. "पोरींनी घोषणा द्याव्यात, मारामारी आम्ही बघू" हे ऐकून कान किटलेत. ओळीत शेजारी उभे राहा आणि बहिणीसमोर वाकायला शिका. तीही वाकेल.

रविवारी सकाळी सहाला, त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी. पैसे नकोत. बूट नसले तरी चालेल, अनवाणीच शिकायचं असतं.

जयभीम!