प्रयोगशाळेतील उंदीर आणि अहिंसेचा हिशेब

श्रावकाचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. गृहस्थाला शेवटचे तीन पूर्णपणे टाळता येत नाहीत. संकल्पी हिंसेचा त्याग मात्र त्याने करावयाचाच असतो. औषध-संशोधनात उंदीर मारले जातात, ती हिंसा कोणत्या प्रकारात मोडते? उंदीर हा पंचेंद्रिय जीव आहे आणि त्याला मारण्याचा निर्णय जाणूनबुजून घेतला जातो. औषधांचा व्यापार करणाऱ्या व रुग्णालयांना दान देणाऱ्या कुटुंबांना हा प्रश्न टाळता येणार नाही.

औषधाने कर्करोगाची गाठ कशी आटते हे पाहण्यासाठी पूर्वी ठरावीक दिवसांनी काही उंदीर मारून त्यांचे अवयव तपासावे लागत. समजा, पाच टप्पे आणि प्रत्येक टप्प्याला आठ उंदीर. म्हणजे ४० जीव. प्रतिमातंत्राने हा हिशेब बदलला. तेच आठ उंदीर पाचही वेळा तपासता येतात. प्रत्येकाची तुलना त्याच्याच आधीच्या स्थितीशी होत असल्याने निष्कर्षही अधिक भरवशाचा ठरतो.

सूक्ष्म सीटी हाडांची बारीक रचना दाखवते, एमआरआय मेंदूसारखे मऊ अवयव, तर पेट तपासणी पेशींचे कार्य. काजव्याच्या प्रकाशामागील जनुक गाठीच्या पेशींत घातल्यास, आवश्यक द्रव्य टोचल्यावर त्या मंद उजळतात आणि अंधाऱ्या पेटीतील अतिसंवेदनशील कॅमेरा तो प्रकाश टिपतो. १९९५ मध्ये अमेरिकेतील क्रिस्टोफर कॉन्टॅग व सहकाऱ्यांनी प्रकाश देणाऱ्या जंतूंचा संसर्ग जिवंत उंदरांत अशाच रीतीने बाहेरून पाहिला.

तथापि या तंत्राने हिंसा संपली, असे मानणे आत्मवंचना ठरेल. प्रत्येक तपासणीसाठी उंदराला भूल द्यावी लागते. भुलेत त्याचे शरीर झपाट्याने थंड पडते, म्हणून ऊब पुरवावी लागते. सीटीतील क्ष-किरणांची मात्रा दर खेपेला साचत जाते. शिवाय अभ्यास संपल्यावर बहुतेक उंदीर मारलेच जातात.

रसेल आणि बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वे मांडली: प्राण्यांऐवजी पर्याय वापरणे, संख्या कमी करणे आणि क्लेश कमी करणे. प्रतिमातंत्र शेवटची दोन साधते. पहिले साधत नाही. जैन परिभाषेत याला यत्नाचार म्हणता येईल, अभयदान नव्हे.

भारतात अशा प्रयोगांवर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील समितीचे नियंत्रण असते आणि संस्थेच्या नीतिसमितीची संमती आवश्यक असते. संशोधनासाठी दान देणाऱ्यानेही धनादेशावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. प्राण्यांवाचून हा अभ्यास होऊ शकतो का? होत नसल्यास कमीत कमी किती जीव लागतील? त्यांचे क्लेश कमी करण्यासाठी काय व्यवस्था आहे? द्रव्य आपले असेल, तर त्यातून घडणाऱ्या हिंसेच्या अनुमोदनाचा दोषही आपल्याच खात्यावर जमा होतो.