बुटक्या मोरपंखीची माती

गेल्या वर्षी जानेवारीत एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन पाहून परतताना आम्ही बुटक्या जातीची एक सोनेरी मोरपंखी घेतली आणि वाटेत एका दुकानातून तयार मातीची पिशवीही आणली. घरी सासूबाईंनी पिशवीतील मूठभर मिश्रण तळहातावर घेतले आणि विचारले, "यात काय काय आहे गं?" त्यांचे माहेर भुसार मालाच्या व्यापाऱ्याचे, नमुना पाहिल्याखेरीज पोते घ्यायचे नाही, ही तिथली शिकवण. पिशवीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत उत्तर छापलेले होते : कोकोपीट, शेणखत, बोनमील. बोनमील म्हणजे जनावरांच्या हाडांचा चुरा. पिशवी त्याच दिवशी परत गेली. परंतु त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता : "त्याविना झाड जगेल ना?"

या प्रश्नाचे उत्तर अनेक घरांना उपयोगी पडेल, म्हणून ते येथे सविस्तर देत आहे.

मोरपंखी, ज्युनिपर ही सूचिपर्णी वर्गातील झाडे. त्यांच्या बुटक्या जाती वर्षाकाठी जेमतेम काही बोटे वाढतात. वाढ मंद, म्हणून भूकही थोडी. या झाडांना कुंडीत अन्नापेक्षा मुळांपाशी खेळती हवा अधिक हवी असते. पुण्याच्या आसपासची काळी माती शेतात उत्तम. परंतु ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि कुंडीत तिचा घट्ट गोळा होतो. पाणी साचते, मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. आमची पहिली मोरपंखी अशीच गेली. श्रावणात तिची मुळे कुजली असावीत, पण पाने दसऱ्यापर्यंत हिरवीच होती. सूचिपर्णी झाडांचे हे वैशिष्ट्यच आहे : मुळे गेल्यावरही ती कित्येक आठवडे हिरवी दिसतात. तपकिरी रंग दिसू लागतो, तेव्हा उपाय करण्याची वेळ टळून गेलेली असते.

आता बोनमीलविषयी. त्यातून मुख्यतः स्फुरद मिळते. मात्र ते स्फुरद विरघळून मुळांना मिळण्यासाठी माती आम्लधर्मी असावी लागते. आपल्याकडील माती बहुधा अल्कधर्मी असते आणि बोअरचे जड पाणी तो गुण आणखी वाढवते. शिवाय, सूचिपर्णी झाडांच्या मुळांशी एक उपकारक बुरशी वास करते व तीच त्यांना मातीतील स्फुरद मिळवून देते. वरून स्फुरदाचा मारा केल्यास या बुरशीचा जोर ओसरतो. तात्पर्य, जे आपल्या आचारात बसत नाही, त्याची या झाडालाही गरज नाही. ब्लड मील आणि फिश मील ही नावेही पिशवीवर आढळतात. त्यांचा अर्थ अनुक्रमे वाळवलेले रक्त व मासळीचा चुरा. नुसते 'सेंद्रिय' एवढेच छापले असेल, तर दुकानदारास घटकांची यादी अवश्य विचारावी.

आमचे मिश्रण असे : एकाच मापाच्या दहा वाट्या धराव्यात. पाच वाट्या विटांचे बारीक खडे, साधारण ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे. दोन वाट्या पोयटा माती. दोन वाट्या पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत. आणि एक वाटी कोकोपीट. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्यावे. वरून मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. विटांचा भुगा चाळून काढून टाकावा. तो राहिला, तर सारे सच्छिद्र मिश्रण बुजते. गांडूळखत वापरायचे असल्यास ते आधी सावलीत पातळ पसरावे, गांडुळे अलगद वेचून ओलसर वाफ्यात सोडावीत आणि मगच खत घ्यावे. उन्हाळ्यात तापणाऱ्या लहान कुंडीत ती तगत नाहीत.

तळाशी खडीचा जाड थर देण्याची पद्धत आहे. पण त्याने निचरा सुधारत नाही. पाणी त्या थराच्या वर, मातीतच थबकते आणि मुळांना मिळणारी जागा तेवढी कमी होते. छिद्रावर खापरीचा एक तुकडा ठेवावा आणि वरपर्यंत एकच मिश्रण भरावे. नंतर पाणी घालून पाहावे : ते पृष्ठभागावर न साचता लगेच आत मुरून खालून वाहू लागले पाहिजे. रोपाच्या मुळांचा गड्डा पूर्ण फोडू नये; बाहेरची चिकट माती बोटांनी हलकेच मोकळी करावी. या मिश्रणात पाणी फार काळ टिकत नाही. म्हणून चैत्र-वैशाखात रोज बोटाने ओल पाहावी आणि दुपारच्या उन्हात कुंडी आडोशाला ठेवावी.

कुंडी बदलण्यास पौष-माघ हा काळ योग्य. हवा थंड असते आणि कडक उन्हाळ्यापूर्वी मुळांना रुजण्यास अवधी मिळतो. अनेक घरांत चातुर्मासात माती उकरत नाहीत. हिवाळ्यात हे काम उरकले की त्या नियमालाही बाध येत नाही.

आमच्या मोरपंखीने या मिश्रणात एक पावसाळा काढला आहे. दिवाळीनंतर आतल्या फांद्या बाजूला सारून पाहिले, तर बुंध्यापर्यंत त्या हिरव्या होत्या. यंदा शेजारच्या दोन घरांनी माप विचारून नेले. विटांचा भुगा चाळून देण्याचे काम मात्र सासूबाईंनी स्वतःकडेच ठेवले आहे.