छताखालचा उजेड

गेल्या हिवाळ्यात भिलाईहून एका वाचकांचे पत्र आले. हे गृहस्थ मूळचे अमरावतीकडचे. पोलाद कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. त्यांची कन्या शाळेच्या बास्केटबॉल संघात खेळते. शाळेतील तिचे ते शेवटचे वर्ष होते. पुढील शिक्षणासाठी ती परगावी जाणार, आणि तेथे खेळ चालू राहीलच असे नाही. वडिलांनी तीन वर्षांत तिच्या सामन्यांची शेकड्यांनी छायाचित्रे घेतली. “परंतु त्यांतील एकाही चित्रातली मुलगी आमची आहे, हे आमच्याखेरीज कोणाला ओळखू येणार नाही,” असे ते लिहितात. “उघड्या मैदानावर उन्हात घेतलेली चित्रे बरी येतात. पण महत्त्वाचे सामने आता क्रीडागृहात होतात, आणि तेथे सारेच बिघडते. अजून दोन सामने उरले आहेत. एक तरी चित्र नीट यावे म्हणून काय करावे?”

या सदराला येणाऱ्या पत्रांत कोणता कॅमेरा घ्यावा असे विचारणारी पत्रे पुष्कळ असतात. काय करावे असे विचारणारी थोडी. म्हणून आजचे सारे पान या पत्राच्या उत्तराला दिले आहे.

आपल्याकडे बास्केटबॉल बहुतेकांनी पाहिला तो उघड्यावर. मुंबईचा नागपाडा घ्या किंवा एखाद्या वसाहतीतील शाळेचे पटांगण घ्या. सिमेंटची जमीन, दोन खांब आणि वर आकाश. वस्तुतः हा खेळ जन्मला तोच छपराखाली. १८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील एका प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकापुढे प्रश्न पडला, की बाहेर बर्फ असताना आत कोंडलेल्या तरुणांना खेळवावे कसे. त्याने व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. कठडा दहा फूट उंच होता, म्हणून टोपली दहा फुटांवर. आजही कडे ३.०५ मीटरांवरच असते. पुढे सज्जातील प्रेक्षक हात घालून चेंडू अडवू किंवा आत ढकलू लागले, तेव्हा टोपलीमागे फलक आला. असा हा मुळातच बंदिस्त जागेचा खेळ आहे, आणि बंदिस्त जागेत खेळाडूंना पुरणारा उजेड कॅमेऱ्याला पुरतोच असे नाही.

याचे कारण आपला डोळा. तो फार उदार आहे. उन्हातून क्रीडागृहात शिरल्यावर घटकाभर अंधारल्यासारखे वाटते, मग सारे लख्ख दिसू लागते आणि उजेड भरपूर आहे असा आपला समज होतो. प्रत्यक्षात भर दुपारचे ऊन शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडागृहातील दिव्यांच्या उजेडाहून शे-दोनशे पटींनी अधिक असते. कॅमेरा ही तूट भरून काढण्यासाठी शटर अधिक वेळ उघडे ठेवतो. धावणारी मुलगी सेकंदाला पाच मीटर वेगाने जात असेल, तर सेकंदाच्या साठाव्या भागात ती सुमारे आठ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटे पुढे सरकते. तेवढ्यात तिचे नाक कानाच्या जागी पोहोचते! पत्रलेखकांची कन्या ओळखू येत नाही ती यामुळे. शटर १/५०० सेकंदावर ठेवले तर हेच सरकणे एका सेंटिमीटरवर येते, आणि चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो.

उजेड कमी आहे ना, मग फ्लॅश लावावा, असे कोणीही म्हणेल. मीही एके काळी तसेच म्हणालो होतो. ती हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

चाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आंतरशालेय मुलींच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. गाव आणि शाळा यांची नावे येथे नकोत. एक हौशी छायाचित्रकार म्हणून मला टोपलीमागे बसू दिले होते. छत्तीस चित्रांची फिल्म, गळ्यात कॅमेरा, त्यावर नवा कोरा फ्लॅश. सामना संपायला काही सेकंद उरले असताना एका गुणाने मागे असलेल्या संघाच्या मुलीला दोन फ्री थ्रो मिळाले. सारे क्रीडागृह स्तब्ध झाले. ती रेषेवर उभी राहिली, चेंडू दोनदा जमिनीवर आपटला, वर पाहिले आणि हात उचलला. मी बटण दाबले. पांढरा लखलखाट झाला आणि चेंडू फलकाच्या कडेला लागून बाहेर गेला. तिने डोळे मिटून उघडले. दुसरा थ्रो तिने घाईने टाकला, तो कड्यावर आपटला. संघ एका गुणाने हरला.

मला कोणी एक शब्द बोलले नाही. पंचांनी फक्त एकदा माझ्याकडे पाहिले. कदाचित तो नेम तसाही चुकला असता. पण ‘कदाचित’ म्हणण्याचा अधिकार मी स्वतःच घालवला होता. आणि चित्र तरी काय आले? जवळून जाणाऱ्या पंचांची पांढरीफेक पाठ, तिच्यापलीकडे काळोखात एक करडी आकृती. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. तीन मीटरांवर जितका पडतो, त्याचा बारा मीटरांवर सोळावा हिस्सा उरतो. प्रेक्षकांच्या बाकावरून फ्लॅश उडवणाऱ्यांना समोरच्या माणसाच्या टकलाखेरीज काही मिळत नाही ते यामुळेच. अमेरिकेतील मोठ्या क्रीडागृहांत व्यावसायिक छायाचित्रकार छताच्या कैचीला मोठे दिवे बांधून वरून क्षणभर उजेड पाडतात, हे खरे. पण ते उंच, दूर आणि आधी परवानगी घेऊन बसवलेले असतात. आपण कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंद करावा आणि पिशवीत टाकावा. त्या दिवसानंतर मी क्रीडागृहात तो काढलेला नाही.

तर मग फ्लॅशविना काय करायचे? पहिली गोष्ट भिंगाची. कॅमेऱ्याबरोबर येणारे लांब-आखूड होणारे भिंग पूर्ण लांबवले असता बहुधा एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. ५० मि.मी.चे एफ/१.८ भिंग साधे आणि त्यामानाने स्वस्त असते, पण ते त्याच्या नऊपटींहून अधिक उजेड आत घेते. दूरचे जवळ आणण्याची सोय त्यात नाही. ती आपल्या पायांनी भरून काढायची. त्यानंतर आय.एस.ओ. म्हणजे संवेदनक्षमता २००० किंवा ३२००, गरज पडल्यास ६४०० वर न्यावी. चित्रात रवाळपणा येईल. येऊ द्यावा. रवाळ चित्रातली मुलगी ओळखता येते, पुसट चित्रातली येत नाही. पुष्कळ हौशी मंडळी रव्याला भितात आणि चित्र पुसट करून घेतात, हे मला कधीच समजलेले नाही. ज्यांच्यापाशी केवळ दूरध्वनीतला कॅमेरा आहे, त्यांनी त्यातील रात्रीच्या चित्रणाची सोय येथे वापरू नये. ती अनेक चित्रे एकावर एक रचून उजेड मिळवते, आणि धावणाऱ्या मुलीला दोन-तीन हात फुटतात.

खरी मदत मात्र यंत्राकडून नव्हे, खेळाकडूनच मिळते. वर फेकलेल्या वस्तूचा वेग वर जाताना कमी कमी होतो, शिखरावर क्षणभर शून्य होतो, आणि मग ती खाली येते, हे आपण शाळेत शिकलो. उडी मारणाऱ्या खेळाडूलाही हाच नियम. त्यातून निघणारी एक गंमत शाळेत सहसा सांगत नाहीत: उडीच्या उंचीचा जो वरचा पाव भाग, त्यात खेळाडूचा हवेतील निम्मा वेळ जातो. दीड फूट उडणारी मुलगी सुमारे सहा दशांश सेकंद हवेत असते. त्यांपैकी तीन दशांश सेकंद ती वरच्या चार-साडेचार इंचांतच असते. खेळाडू हवेत तरंगतो असे आपल्याला वाटते ते याचमुळे. त्या वेळी शटर १/२५० असले तरी चालून जाते. म्हणजे धावताना जे चित्र अशक्य, ते उडीच्या माथ्यावर सहज शक्य आहे. अट एकच, बटण दाबायचे ते मुलगी वर पोहोचल्यावर नव्हे, ती गुडघे वाकवते तेव्हा मन सिद्ध करून, ती चढत असतानाच. पाहिल्यावर दाबाल तर हाती उतरती मुलगी येईल. यासाठी सामन्याआधीचा सराव जाऊन पाहावा. कोणती खेळाडू दोन पावले टाकून ले-अप करते, कोणती जागच्या जागी उडून चेंडू टाकते, हे ठाऊक असलेल्या वडिलांना परक्या छायाचित्रकाराहून अधिक संधी आहे.

एक विघ्न पत्रलेखकांनी नकळत वर्णिले आहे: “एकच जागा, एकच मांडणी, तरी एक चित्र पिवळट, दुसरे काळपट, तिसऱ्यात आडवे पट्टे.” यात कॅमेऱ्याचा दोष नाही. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते आणि जुन्या चोकच्या नळ्या किंवा पाऱ्याच्या व मेटल हॅलाइडच्या दिव्यांचा उजेड तिच्याबरोबर सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होतो. डोळ्याला ते कळत नाही. १/५०० सेकंदाचे शटर मात्र त्या चढउताराचा एखादा तुकडाच पकडते; कधी माथा, कधी तळ. २०१४ पासून काही कॅमेऱ्यांत हा चढउतार ओळखून माथ्यावरच शटर उघडण्याची सोय आली आहे. यादीत शोधून ती सुरू करावी. ती नसल्यास एकाच उडीची तीन-चार चित्रे भराभर घ्यावीत, एखादे तरी उजळ निघते. पट्टे पडत असतील तर निःशब्द चालणारे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक शटर लावावे. आणि शटर १/१०० वर असेल तेव्हा एक पूर्ण चढउतार चित्रात सामावतो, त्यामुळे रंग व उजेड दोन्ही स्थिर राहतात. हा आकडा लक्षात असू द्यावा. पुढे त्याचे काम आहे.

बसण्याच्या जागेविषयी थोडक्यात. अंतिम रेषेबाहेर, टोपलीच्या थेट खाली नव्हे तर कोपऱ्याकडे, जमिनीवर बसावे. रेषेबाहेरची दोन मीटर जागा मोकळी सोडावी. ती खेळाडूंची आहे. मैदानाकडे तोंड केले असता टोपलीच्या आपल्या उजव्या हाताला बसलात, तर उजव्या हाताने चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचा चेहरा तिच्याच दंडाआड जात नाही. जमीन घासून गुळगुळीत केलेल्या लाकडाची असेल तर तिच्यावरून परतणारा उजेड खालून चेहऱ्यावर येतो आणि डोळ्यांखालच्या सावल्या पुसतो. सिमेंटवर हे सुख नाही. प्रशिक्षकांची परवानगी आधी घ्यावी, आणि संघातील इतर मुलींची चित्रे त्यांना व त्यांच्या पालकांना विचारल्याशिवाय कोठेही पाठवू नयेत.

आता त्या आकड्याकडे. बास्केटबॉलच्या इतिहासातील एक अतिशय प्रसिद्ध चित्र खेळाचे नाहीच. २ मार्च १९६२ रोजी पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी फिलाडेल्फियाच्या विल्ट चेंबरलेनने न्यूयॉर्कच्या संघाविरुद्ध एकट्याने १०० गुण केले. त्या सामन्याचे चलच्चित्र नाही. असोसिएटेड प्रेसचे छायाचित्रकार पॉल व्हॅथिस त्या रात्री कामावर नव्हते. मुलाला घेऊन नुसता सामना पाहायला आले होते. काहीतरी विलक्षण घडते आहे हे ध्यानी येताच त्यांनी आपल्या गाडीत ठेवलेला कॅमेरा आणला. सामन्यानंतर कोणीतरी कागदावर १०० हा आकडा लिहिला, आणि तो कागद हातात धरून बसलेल्या दमलेल्या चेंबरलेनचे चित्र व्हॅथिस यांनी घेतले. त्या रात्रीच्या एकाही उडीचे चित्र लोकांच्या मनात एवढे राहिलेले नाही.

म्हणून पत्रलेखकांना मी लिहिले की पहिल्या सामन्यात उडीच्या मागे लागा. दुसऱ्यात चेंडू कोठे आहे हे विसरून जा. खेळ थांबलेला असतो तेव्हा मुली बाकावर बसतात, गुडघ्यावर हात टेकून श्वास घेतात, प्रशिक्षकांचे बोलणे ऐकतात. त्या वेळी हालचाल फारशी नसते, १/१०० पुरते, आणि दिव्यांचे विघ्न उरत नाही.

परवा त्यांचे दुसरे पत्र आले. पहिल्या सामन्यातील दोनशे चित्रांपैकी तीन ठीक आली, त्यांतल्या एकात चेंडू चौकटीबाहेर गेला आहे. दुसऱ्या सामन्यात संघ हरला. शेवटची शिट्टी झाल्यावर कन्या बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होती; शेजारच्या मैत्रिणीने काहीतरी म्हटले म्हणून तिने वर पाहिले, तेवढे एक चित्र वडिलांनी घेतले. पत्रासोबत त्याची प्रत होती. ते या पानावर छापण्याची माझी फार इच्छा होती. तशी विचारणाही केली. वडील राजी होते. मुलीने नकार दिला. हरल्यानंतरचे चित्र तिला वसतिगृहातील टेबलावर हवे आहे, मासिकात नको.

चित्रात नाडीची गाठ स्पष्ट दिसते. चेहराही.