एफ-१ चा भाग पेटवला, ते योग्यच
सॅटर्न-५ रॉकेटच्या एफ-१ इंजिनाचे आराखडे आजही उपलब्ध आहेत. पण कारागिरांनी प्रत्येक इंजिनात हाताने केलेले बारीक फेरफार कागदावर पूर्णपणे उतरलेच नाहीत. म्हणूनच नासाच्या हंट्सव्हिल केंद्रातील तरुण अभियंत्यांनी साठवणीतले इंजिन सुटे केले, भागांचे त्रिमितीय स्कॅन घेतले आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याचा गॅस जनरेटर, म्हणजे इंधन व द्रवरूप ऑक्सिजनच्या पंपांची टर्बाइन फिरवणारा भाग, पुन्हा पेटवला. माझ्या मते हेही जतनच. चाचणीत मूळ वस्तूची झीज होते, हा आक्षेप रास्त आहे; एकुलत्या एक नमुन्याला तर हातही लावू नये. मात्र एफ-१ ची अनेक इंजिने शिल्लक आहेत. त्यांतले एखादे, आधी काटेकोर मोजमाप करून, अभ्यासासाठी द्यायलाच हवे आणि चाचणीच्या नोंदी संग्रहालयाने इंजिनाइतक्याच काळजीने सांभाळायला हव्यात.